श्रावणातील गोधूम : नैवेद्याचा दाणा आणि त्याचे पर्याय

आषाढी एकादशीच्या सकाळी पॅरिसहून माझ्या भाचीने भ्रमणध्वनीवर एक छायाचित्र पाठविले. काचेच्या वाडग्यात पिवळसर, बारीक, गोलसर दाणे होते आणि खाली प्रश्न होता, "मावशी, येथल्या दुकानात भगर मिळाली. दाण्याची आमटी करून उपवासाला खाल्ली तर चालेल ना?" छायाचित्र पाहून मलाही क्षणभर ते वऱ्याचे तांदूळच वाटले. पुडीवरचे नाव वाचावयास सांगितले, तेव्हा उलगडा झाला. ती भगर नव्हती, कुसकुस होता. म्हणजे चक्क गहू! बिचारीने पातेले बाजूस ठेविले आणि तो दिवस उकडलेल्या बटाट्यावर काढला.

या लहानशा घोटाळ्यावरून मनात आले की, ज्या धान्यावाचून आपला एकही सण पार पडत नाही, त्या गव्हाची नाना रूपे आपण तरी कितीशी ओळखतो? श्रावण आता दारात उभा आहे. सोमवारचे अभिषेक, नागपंचमी, मंगळागौर, घरोघरीचे सत्यनारायण, या साऱ्यांत गोधूम कोठे ना कोठे येतोच. त्याच्याविषयी चार गोष्टी सांगाव्यात, आणि तो नसेल किंवा चालत नसेल तेथे काय करावे हेही सांगावे, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम त्या कुसकुसाविषयी. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या उत्तर आफ्रिकेतील देशांचे ते नित्याचे अन्न. मूळचे ते तेथील अमाझिग म्हणजे बर्बर लोकांचे. आपल्याकडे ज्याला बन्सी गहू म्हणतात, त्या कठीण दाण्याच्या जातीचा रवा तेथील स्त्रिया मोठ्या परातीत पसरतात, वर मिठाचे पाणी शिंपडतात, थोडे कोरडे पीठ भुरभुरतात आणि तळहात गोल गोल फिरवीत राहतात. रव्याच्या कणाभोवती पीठ चढत जाते आणि दाणा तयार होतो. मग चाळणीने चाळून लहानमोठे वेगळे करावयाचे. शिजविण्याची रीतही मोठी सुंदर आहे. खालच्या भांड्यात रस्सा उकळत असतो आणि त्यावर बसविलेल्या भोकाच्या भांड्यात हा दाणा नुसत्या वाफेवर शिजतो. एक वाफ आली की तो परातीत काढून, पाण्याचा हात लावून, बोटांनी मोकळा करावयाचा व पुन्हा वाफेवर ठेवावयाचा. असे दोनतीन वेळा. शुक्रवारी दुपारच्या प्रार्थनेनंतर सारे कुटुंब एका थाळ्याभोवती बसून ते खाते. २०२० साली युनेस्कोने ही विद्या मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातली. त्यासाठी वरील तीन देश आणि मॉरिटानिया यांनी एकत्र अर्ज केला होता. एरवी या शेजाऱ्यांचे आपसांत सारेच आलबेल असते असे नाही, पण अन्नाच्या बाबतीत ते एक झाले.

आपल्याकडेही बारीक केलेल्या पोळीला कुस्करा म्हणतात. नावातील साम्य केवळ योगायोगाचे आहे, परंतु ऐकताना गंमत वाटते खरी.

बाजारात पुडीत मिळणारा कुसकुस आधीच वाफवून वाळविलेला असतो. त्यामुळे त्यावर उकळते पाणी ओतून पाच मिनिटे झाकून ठेविले की तो फुलतो. दुकानात त्याच्याच शेजारी बुलगुर असतो. तो आपल्या दलियासारखा दिसला तरी दलिया नव्हे. आपण गहू कच्चा भरडतो, तर बुलगुरासाठी तो आधी उकडून, वाळवून मग भरडतात. म्हणून त्याची लापशी करावयाची झाल्यास पाणी बरेच कमी लागते आणि तुपावर फार भाजावेही लागत नाही. परदेशी राहणाऱ्या लेकीसुनांना हा फरक ठाऊक असावा.

एकादशीला का नव्हे?

कुसकुस एकादशीला चालत नाही, तो परदेशी आहे म्हणून नव्हे. परदेशीपणाचे सोवळे पाळावयाचे तर साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळे आणि राजगिरा ही सारी उपवासाची मंडळी पंक्तीतून उठवावी लागतील, कारण ती मुळात अमेरिका खंडातून आलेली आहेत. गहू मात्र आपल्याकडे फार जुना. सोमवारी रुद्राभिषेकाच्या वेळी नमकानंतर जे चमक म्हणतात, त्याच्या चौथ्या अनुवाकात यजमान जी धान्ये मागतो त्यांत व्रीही, यव, तीळ, मूग यांच्याबरोबर गोधूमही आहे. आणि त्याच यादीत श्यामाकही आहे. हा श्यामाक म्हणजे सावा, आपल्या भगरीचा सख्खा आप्त. दोघेही तेथे शेजारी नांदतात. पण उपवासाच्या दिवशी रूढीने एकाला पानात घेतले आणि दुसऱ्याला द्वादशीच्या पारण्यापर्यंत थांबविले. गहू मग रवा होवो, मैदा होवो, शेवई होवो की कुसकुस, तो धान्यच राहतो. काही घराण्यांत नवरात्रात धान्यफराळाची रीत आहे. तेथे धान्य आधी भाजून मग शिजविले तर चालते. ज्यांच्या घरी ती परंपरा असेल त्यांनी ती अवश्य पाळावी, पण ती एकादशीला लावू नये.

जाता जाता भगरीविषयी एक सावधगिरी. श्रावणातील दमट हवेत भगरीच्या पिठाला बुरशी लवकर धरते आणि तशा पिठाने विषबाधा झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. सुटे पीठ विकत आणू नये. अखंड दाणा आणावा, निवडून, धुऊन, वाळवून लागेल तेवढाच घरी दळावा.

वाफेवरचा सण

श्रावण शुद्ध पंचमीचे नियम वाचकांना ठाऊक आहेतच. नांगराच्या फाळाने नागाची पिले मेली आणि नागिणीचा कोप शेतकऱ्याच्या घरावर झाला, ही कहाणी ऐकत आपण मोठ्या झालो. म्हणून त्या दिवशी भूमी खणावयाची नाही, विळीने चिरावयाचे नाही, तळावयाचे नाही. आणि तवाही चुलीवर चढवावयाचा नाही, कारण लोकसमजुतीप्रमाणे तवा म्हणजे नागाची फणा. मग पोळीवाचून सण कसा करावयाचा? आपल्या पूर्वजांनी त्यास वाफेचे उत्तर शोधले. पुरणाची पोळी भाजावयाची नाही, तर पुरणाचे दिंड उकडावयाचे!

दिंडासाठी कणीक पुरीपेक्षा किंचित सैल भिजवावी. तीत तेलाचे थोडे मोहन आणि चिमूटभर मीठ असावे. पुरीएवढी लाटून मध्ये पुरण ठेवावे व चारी बाजू दुमडून चौकोनी पुडी करावी. चाळणीत हळदीचे पान अंथरून त्यावर ही दिंडे ठेवावीत आणि बारा ते पंधरा मिनिटे वाफवावीत. पुरण कोरडे असावे, नाही तर दिंड फुटते. गरम असतानाच वर साजूक तूप सोडावे.

एकादशीला ज्या कुसकुसाने माझ्या भाचीला फसविले, तो नागपंचमीला मात्र तिच्या कामास येईल. तव्यावाचून, विळीवाचून, नुसत्या वाफेवर होणारा तो गव्हाचा पदार्थ आहे. खुद्द मोरोक्कोत त्याचा सेफ्फा नावाचा गोड प्रकार होतो. त्यात लोणी, साखर, दालचिनी आणि बदाम घालतात. त्याला आपल्या सांज्याचा मावसभाऊच म्हणावे. तिला मी लिहिले आहे, की साधा कुसकुसच आण. मसाल्याच्या पुडीसह मिळणाऱ्यात कांदा, लसूण किंवा मांसाचा अर्क असू शकतो आणि तो नैवेद्यास वर्ज्य. एक वाटी दाण्यावर अर्धी वाटी पाणी शिंपडून ठेव, पातळ फडक्यात घालून दहा मिनिटे वाफव, परातीत काढून दोन चमचे तूप चोळ, पुन्हा एक वाफ दे, मग किसलेला गूळ, आदल्या दिवशी खवून ठेविलेला नारळ आणि वेलदोडा मिसळ. नागोबाला दूधलाह्यांबरोबर हा नैवेद्य दाखविण्यास काही हरकत नाही.

परंतु नागपंचमीचा खरा मान आहे तो गव्हाच्या खिरीला. सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांत ही खीर मोठ्या प्रेमाने केली जाते. सीमेपलीकडे कर्नाटकात तिलाच हुग्गी म्हणतात. आणि खीर म्हटली की गहू खपलीच हवा.

खपली हा फार प्राचीन गहू. पश्चिम आशियात सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी मनुष्याने जी पहिली धान्ये पेरली त्यांत याचे कूळ आहे, आणि प्राचीन मिसर देशाची भाकरी याच कुळाच्या पिठाची होती. प्राचीन रोममधील थोर घराण्यांच्या एका विवाहविधीचे तर नावच या धान्याच्या भाकरीवरून पडलेले होते. इतर गव्हाची मळणी केली की दाणा भुसापासून सुटतो. याचा दाणा मात्र खोळीत घट्ट बसलेला असतो, ती खपली काढण्यासाठी त्याला कांडावे लागते, म्हणून हे नाव. कांडण्याच्या या कष्टामुळेच तो मागे पडला. हरितक्रांतीनंतर बुटक्या, भरघोस उताऱ्याच्या जाती आल्या आणि खपली सांगली, साताऱ्याकडच्या व उत्तर कर्नाटकातील थोड्या शेतांपुरती उरली. पण तांबेऱ्याला तो सहसा बळी पडत नाही. हा गुण जाणून पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने त्याच्या सुधारित जाती काढल्या. आता पुन्हा त्याला मागणी आली आहे. भावही चढला आहे आणि भाव चढला की भेसळही येते. लांबट, सडपातळ, तांबूस आणि दोन्ही टोकांकडे निमुळता दाणा पाहून घ्यावा.

खिरीसाठी एक वाटी खपली गहू आदल्या दिवशी सकाळी भिजत घालावा. सायंकाळी उपसून, पाण्याचा हात लावून उखळात हलक्या हाताने कांडावा. उखळ नसेल तर मिक्सरच्या भांड्यात दोनतीन झटकेच द्यावेत. दाणा फुटू नये, फक्त साल सुटावी. सूप घेऊन कोंडा पाखडून टाकावा. पंचमीच्या सकाळी चौपट पाणी घालून कुकरमध्ये सातआठ शिट्या होऊ द्याव्यात. दाणा बोटांनी दाबला असता लोण्यासारखा चेपला गेला पाहिजे. तोवर गूळ घालण्याची घाई करू नये. गूळ पडला की गहू जेथल्या तेथे थांबतो, मग कितीही शिजवा, तो चिवटच राहतो. मी स्वतः पहिल्या वर्षी सासरी हीच चूक केली होती आणि पंक्तीत सासऱ्यांनी ती खीर एक शब्द न बोलता चावून चावून संपविली होती. गहू शिजल्यावर एक ते सव्वा वाटी गूळ, ओले खोबरे, भाजून कुटलेली खसखस, सुंठ, वेलदोडा, जायफळ आणि शेवटी सढळ हाताने तूप. दूध घालावयाचे ते खीर उतरवून कोमट झाल्यावर, पानात वाढताना. उकळत्या गुळात दूध हटकून नासते. नारळाचे दूध घातल्यास ही भीती कमी.

खिरीवरून गव्हल्यांची आठवण होते. बारीक रवा दुधात घट्ट मळून, अंगठा व तर्जनीच्या चिमटीत तांदळाएवढा, दोन्हीकडे टोक असलेला दाणा वळावयाचा. गव्हले, मालत्या, नखुले, बोटवे ही सारी एका रव्याची लेकरे. चैत्रवैशाखात दुपारभर बायका अंगणात बसून हे वळीत, गाणी म्हणत आणि रुखवतासाठी डबे भरून ठेवीत. उत्तर आफ्रिकेतील त्या परातीभोवतीच्या बायका आणि आपल्या या आज्या एकमेकींना भेटल्या असत्या, तर भाषेवाचूनही त्यांचे काम अडले नसते.

प्रसादाची चिमूट

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे येते. माझ्या जाऊबाईंचा नातू आठ वर्षांचा आहे. दोन वर्षांपूर्वी त्याला सीलिअ‍ॅक नावाचा विकार असल्याचे निदान झाले. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. या विकारात त्या प्रथिनामुळे शरीराचे संरक्षक बळ स्वतःच्याच आतड्यावर उलटते, अन्न अंगी लागत नाही, पोट फुगते, जुलाब होतात, मूल वाढत नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना याचा संशय आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे त्यांच्या देशात पाव मिळेनासा झाला, तेव्हा सारा देश उपाशी असताना हे रुग्ण मात्र सुधारू लागले, आणि पाव परत येताच पुन्हा बिघडले. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आजही या विकारावर पथ्याखेरीज दुसरा खात्रीचा उपाय नाही. पथ्यही आयुष्यभराचे आणि कणाचे.

गेल्या श्रावणात जाऊबाईंकडे सत्यनारायण होता. पूजा झाली, कथा झाली, प्रसाद वाटावयास घेतला. सारी मुले हात पुढे करून बसली होती. हाही बसला. त्याच्या आईने खुणेने नको म्हटले. पण जाऊबाईंचा जीव राहीना. कथेत कलावती प्रसाद टाकून धावली आणि पतीसह नौका बुडाली, तुंगध्वज राजाने प्रसाद अव्हेरला आणि त्याचे सर्वस्व गेले, हे त्यांनी तासाभरापूर्वीच ऐकले होते. "देवाचा प्रसाद आहे, चिमूटभराने काय होते?" असे म्हणून त्यांनी त्याच्या जिभेवर चिमूट ठेविली. मूल तीन दिवस अंथरुणावर होते. जाऊबाईंनी ते तीन दिवस देवघरात काढले. नातवाला दिले तर त्याला बाधते, न दिले तर देवाचा अपमान, या कात्रीत त्या सापडल्या होत्या आणि मार्गशीर्षात पुन्हा पूजा ठरली, तेव्हा त्यांनी ती रद्दच करण्याचे मनात घेतले होते.

गुरुजींच्या कानावर हे गेले. ते म्हणाले, "काकू, कथा दर वर्षी ऐकता, पण पहिल्या अध्यायाकडे लक्ष दिलेत का? सोय तेथेच करून ठेविलेली आहे." आणि त्यांनी पोथी उघडून दाखविली. प्रसादाचे साहित्य सांगताना केळी, तूप, दूध आणि गव्हाचे पीठ सव्वा मापाने घ्यावे असे सांगितले आहे. लगेच पुढे, गव्हाच्या अभावी तांदळाचे पीठ घ्यावे आणि साखर किंवा गूळ यांतील काहीही घ्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे आपण ज्याला आजच्या काळाची तडजोड समजतो, ती मूळ विधानातच आहे. "ज्या घरात गहू बाधतो, त्या घरात तो नसल्यासारखाच," असे गुरुजी म्हणाले. या अर्थाबद्दल कोणी विद्वान वाद घालू शकेल. मला तो पटला.

मग प्रश्न आला की नातवापुरती वेगळी वाटी करावी काय? जाऊबाईंनी ते मोडून काढले. एक तर एकाच पळीने दोन्ही प्रसाद ढवळले गेले की पथ्य संपले, आणि दुसरे म्हणजे देवासमोर त्या पोराने वेगळे का बसावे? म्हणून सर्वांसाठी एकच प्रसाद झाला, तांदळाचा.

तो असा करावा. तांदूळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवावेत आणि घरीच मिक्सरवर रवाळ काढावेत. गिरणीत देऊ नयेत, कारण आधीच्या दळणाचे गव्हाचे पीठ जात्याच्या दगडांत राहिलेले असते. सव्वा वाटी हा रवा सव्वा वाटी तुपावर मंद आचेवर भाजावा. गव्हाच्या रव्यासारखा तो तांबूस होत नाही. हलका झाला, फुलला आणि खमंग वास सुटला की पुरे. एक पिकलेले केळे कुस्करून तुपातच परतावे. तांदळाला पाणी अधिक लागते, म्हणून उकळते दूध व पाणी मिळून पावणेचार वाट्या घालावेत आणि झाकण ठेवून आठदहा मिनिटे चांगली वाफ येऊ द्यावी. कण मऊ झाल्याची खात्री करून मगच सव्वा वाटी साखर घालावी. पुन्हा एक वाफ, वेलदोडा आणि तुळशीपत्र. हा शिरा निवाला की थोडा घट्ट होतो, म्हणून उतरवताना किंचित सैलच असावा.

अशा घरांत श्रावणाचे बाकीचे सणही अडत नाहीत. नागपंचमीला कोकणात आणि गोव्यात हळदीच्या पानातल्या तांदळाच्या पातोळ्या होतातच. त्या दिंडांच्या जागी कराव्यात. खिरीसाठी ज्वारी घ्यावी. ती खपलीसारखीच भिजवून, कांडून, शिजवून गुळात सुरेख लागते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खपली पचावयास हलका म्हणून तो सीलिअ‍ॅकच्या रुग्णास चालतो, असे काही दुकानदार सांगतात. ते साफ चूक आहे. खपलीतही ग्लुटेन असते. तीच गोष्ट रवा, शेवया, दलिया, बुलगुर आणि कुसकुस यांची. भगर, राजगिरा, शिंगाडा, वरकड ज्वारी, बाजरी, नाचणी ही मात्र या पथ्याला चालतात. एकादशीची बरीचशी यादी त्या मुलाला बारा महिने उपयोगी पडते, हे पाहून जाऊबाईंना मोठे समाधान वाटले. आणखी एक, हिंगाची डबी नीट वाचावी. बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि आमटीच्या फोडणीतून ते कोणाच्या ध्यानीमनी नसताना पोटात जाते. आणि कोणा मुलाविषयी असा संशय असेल तर गहू परस्पर बंद करू नये. आधी वैद्यकीय तपासणी करावी, कारण गहू सोडल्यानंतर केलेल्या तपासणीत दोष दिसेनासा होतो.

येत्या श्रावणात जाऊबाईंकडे पुन्हा सत्यनारायण आहे. तांदूळ धुऊन वाळत घालण्याचे काम नातवाने स्वतःकडे घेतले आहे, आणि चिमण्या राखण्याचेही.